चेन्नई ते तंजावर, समुद्राच्या कडेकडेने: काय पाहावं, काय सोडावं?

सागरगोटा
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी चेन्नईला नात्यातलं लग्न आहे. एवढ्या लांब जातोच आहोत तर तंजावरपर्यंत जाऊन यावं असं घरात ठरलंय. बहुतेक लोक रात्रीच्या गाडीने थेट तंजावर गाठतात. मला किनाऱ्याने जायचंय. गाडी भाड्याने घेऊ, चालकासकट. सोबत नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांना चिदंबरम आणि बृहदीश्वर हवंच आहे, मुलाला किल्ले आणि तोफा, नवऱ्याला चांगली कॉफी आणि मला जुनी गावं. देवळामागून देऊळ असा कार्यक्रम मात्र नको. हाताशी साधारण आठवडा आहे. महाबलीपुरम आणि पाँडिचेरीबद्दल भरपूर वाचलंय, त्याच्या पुढचं सांगा.

तिठा
वेळ उत्तम निवडलीत. त्या किनाऱ्यावरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि वादळंही तेव्हाच येतात. जानेवारीच्या अखेरीस पोंगलची गर्दी ओसरलेली असते, हवा कोरडी, शेतं हिरवी. मार्चनंतर मात्र सासूबाईंना नेऊ नका, दगड तापतात.

चेन्नईहून ईसीआर, म्हणजे किनाऱ्याचा ईस्ट कोस्ट रोड, धरा. महाबलीपुरमला सकाळी लवकर पोचा, दहानंतर सहलीच्या बसेस येतात. किनाऱ्यावरचं देऊळ आणि पंचरथ एकाच तिकिटात होतात. मुलाला रथ आधी दाखवा. प्रत्येक रथ एकेका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलाय आणि एकही पुरा झालेला नाही. पल्लवांचा कारागीर कुठे थांबला ते दगडावर दिसतं. पुऱ्या झालेल्या देवळापेक्षा मला हे जास्त आवडतं.

तिथून खाली पंधराएक किलोमीटरवर कल्पाक्कमजवळ सद्रासचा डच किल्ला आहे. फार कोणी थांबत नाही. आत डचांची दफनभूमी आहे, तिच्या थडग्यांच्या शिळांवरचं कोरीवकाम पाहण्यासारखं आहे. अर्ध्या तासात होतं. आणखी पुढे आलंपराई, खाडीच्या तोंडाशी विटांचे पडके बुरूज. नवाबाकडून फ्रेंचांकडे, फ्रेंचांकडून १७६० साली इंग्रजांकडे. मरक्काणमची मिठागरं रस्त्यातच लागतात, त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको.

नारळीपाक
कॉफीसाठी हात वर! पण पाँडिचेरीच्या फ्रेंच कॅफेत पैसे घालवू नका. तिथे फोटो चांगले येतात, एवढंच. पितळी डवरा-टंबलरमधली डिग्री कॉफी कुठल्याही बसस्टँडसमोरच्या मेसमध्ये मिळते आणि ती जास्त चांगली असते. सकाळी वेण पोंगल आणि मेदूवडा, दुपारी केळीच्या पानावर मील्स. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर रसम जपून, मिरीचा ठसका असतो. पानावर दही येईपर्यंत उठू नका, वाढणाऱ्याला वाईट वाटतं.

रायगडचा_वारा
ताई, पाँडिचेरी-बिंडिचेरी सोडा. गोऱ्यांच्या वखारी बघून काय मिळणार? जिंजीला जा. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेला किल्ला, पुढे राजाराम महाराजांनी इथूनच स्वराज्य चालवलं. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. आपलं आधी बघावं, मग लोकांचं.

मोडीवाचक
जिंजीला माझंही अनुमोदन. पण 'वखारी सोडा' हे पटलं नाही. या किनाऱ्यावर मराठ्यांचा इतिहास वखारींमधूनच वाहतो.

१६९० ची गोष्ट घ्या. राजाराम महाराज जिंजीत, मोगल मागावर, पैशाची चणचण. कडलूरजवळ देवनामपट्टिणमचा छोटा किल्ला मराठ्यांकडे होता, तो त्यांनी मद्रासच्या इंग्रजांना विकला. सोबत किती जमीन द्यायची? तर किल्ल्यातून डागलेला तोफेचा गोळा जिथे पडेल तिथपर्यंत! मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, ज्याच्या नावाने अमेरिकेतलं विद्यापीठ आहे तोच. त्याने मद्रासहून चांगली तोफ आणि गोलंदाज पाठवले. चहूबाजूंना गोळे टाकून हद्द ठरली. त्या हद्दीतल्या गावांना 'गुंडू ग्रामम' म्हणजे गोळ्याची गावं म्हणत असत. हाच तो फोर्ट सेंट डेव्हिड. १७५६ मध्ये क्लाइव्ह तिथे गव्हर्नर होता, आणि दोनच वर्षांनी फ्रेंचांनी तो उद्ध्वस्त केला. आज पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण नववीतल्या मुलाला ही गोष्ट गाडीत सांगा आणि कडलूर आलं की विचारा, तू असतास तर तोफ कुठल्या दिशेला जास्त रोखली असतीस?

आणि फ्रेंचांबद्दल. १६७७ च्या दक्षिणमोहिमेत पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्तँने महाराजांकडे वकील धाडला होता. छावणीचं वर्णन मार्तँने लिहून ठेवलंय: डामडौल नाही, बायका नाहीत, बाडबिस्तरा नाही, जाड्याभरड्या कापडाचे दोन लहान तंबू. ही नोंद एका गोऱ्या वखारवाल्याने केली म्हणून आपल्या हाती आली, वाऱ्या.

रायगडचा_वारा
मान्य. पण जिंजीचं काय ते बोला.

उंटावरचा
जिंजी किनाऱ्यावर नाही, हे कोणी सांगणार आहे की नाही? पाँडिचेरीहून सत्तरेक किलोमीटर आत. आणि तिथली राजगिरी ही टेकडी म्हणजे सरळसोट पायऱ्या. सासूबाईंना खाली कल्याण महालाशी बसवून बापलेकांनी वर जायचं, हा एकच मार्ग. दुपार झाली की वर सोडत नाहीत, म्हणून सकाळीच पोचा, पाणी न्या, माकडांपासून पिशव्या सांभाळा. दुसरी टेकडी, कृष्णगिरी, त्या मानाने सोपी आहे. दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका.

सागरगोटा
सगळ्यांचे आभार, गोळ्याची गोष्ट आत्ताच जेवताना सांगून झाली. चिरंजीव म्हणाले, समुद्राच्या बाजूला एकही गोळा टाकला नसता.
जिंजीसाठी पाँडिचेरीत एक दिवस जास्त राहू. पुढे? चिदंबरमनंतर काय?

कावेरीकाठची
मी तंजावरकर. म्हणजे सध्या पुण्यात आहे, पण आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

चिदंबरम आणि तंजावर यांच्यामध्ये एक रात्र तरंगमबाडीला काढा. ट्रँक्वेबार म्हणून जे नकाशात असतं तेच. पूम्पुहार वाटेत लागेल, तिथे 'शिलप्पदिकारम' या तमिळ महाकाव्यातल्या कण्णगीच्या कथेचं कलादालन आहे. तासभर थांबा, जास्त नको. चोळांचं मोठं बंदर होतं ते, पण आता समुद्राखाली.

तरंगमबाडी वेगळीच. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाशी करार केला आणि डॅनिश लोकांनी डान्सबर्ग हा किल्ला बांधला. फिकट पिवळसर, बसका, समोर थेट समुद्र. गावाला १७९२ ची वेस आहे, तिच्यातून आत आलं की किंग्ज स्ट्रीट. दुतर्फा चर्च, जुने वाडे, मिशनच्या इमारती. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग हा जर्मन पाद्री इथे उतरला, तमिळ शिकला आणि १७१५ पर्यंत नवा करार तमिळमध्ये इथेच छापून मोकळा झाला. त्याने बांधलेलं न्यू जेरुसलेम चर्च १७१८ चं, अजून वापरात आहे. १८४५ मध्ये डॅनिशांनी ही वसाहत इंग्रजांना विकली, मग व्यापार नागपट्टिणमकडे गेला आणि गाव होतं तसं राहिलं. म्हणूनच ते आज बघण्याजोगं आहे.

किल्ल्याशेजारी पाण्याच्या अगदी काठावर मासिलामणीनाथाचं देऊळ आहे, १३०६ चं, पांड्यांच्या काळातलं. पुढचा भाग लाटांनी कधीच नेला. सासूबाई किल्ल्याच्या कट्ट्यावर बसू शकतील, फारशी चढण नाही. गाव पायी अर्ध्या-पाऊण तासात होतं.

उंटावरचा
रात्र काढण्याइतकं आहे का तिथे? संध्याकाळी सातला सगळं बंद. दोन हॉटेलं, बाकी अंधार. मी म्हणेन दुपारी थांबा आणि नागोरला पुढे चला.

कावेरीकाठची
सातला सगळं बंद होतं म्हणूनच राहायचं हो. दिवसा सहलीच्या गाड्या येतात, दंगा करतात, जातात. पहाटे कोळ्यांच्या होड्या परत येतात तेव्हा किल्ल्यासमोर उभं राहायचं असेल तर मुक्काम हवाच.

दर्यावर्दी
मी मुक्कामाच्या बाजूने. फक्त जागा आधी ठरवा, तिथे खोल्या मोजक्याच. आणि संग्रहालयाची सुट्टी विचारून घ्या. तमिळनाडूत सरकारी संग्रहालयं बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी बंद असतात, आपल्याकडच्या सोमवारच्या हिशेबाने गेलात तर कुलूप दिसेल.

टॅक्सीबद्दलही एक. पाँडिचेरी आणि कारैकाल केंद्रशासित, मधला सगळा तमिळनाडू. परमिटचे पैसे भाड्यात धरलेत का आणि चालकाचा रात्रीचा बाटा (भत्ता) किती, हे निघण्याआधी लिहून घ्या. आमच्याकडून कारैकालच्या नाक्यावर वरचे पैसे मागितले गेले आणि तासभर तिथेच वाद.

मोडीवाचक
कावेरीताईंनी डॅनिशांचं छान सांगितलं, त्यात तंजावरचं जोडतो. नायकांनंतर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७६ च्या आसपास तंजावरच्या गादीवर आले तेव्हा डॅनिश आधीच तिथे होते. ते दरवर्षी तंजावर दरबारात खंडणी भरत. सतराव्या शतकाच्या अखेरीस शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, ट्रँक्वेबारला वेढाही घातला होता. कारैकाल फ्रेंचांना मिळालं तेही १७३९ मध्ये तंजावरकडूनच. नागोरच्या दर्ग्याचे पाच मिनार लांबून दिसतात, त्यातला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंहांनी बांधून दिलेला.

म्हणजे बघा, डॅनिश किल्ला, फ्रेंच गाव, सुफी दर्गा, नागपट्टिणमचे डच, सगळ्यांशी देणंघेणं एकाच दरबाराचं. 'आपलं' आणि 'लोकांचं' असं वेगळं काढायला गेलात तर अर्धी कहाणी हरवेल.

रायगडचा_वारा
नागोरच्या मिनाराचं माहीत नव्हतं. जाणार.

नारळीपाक
नागोरला हिंदूही मोठ्या संख्येने जातात, जावळं काढतात. सासूबाईंना सांगून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर आश्चर्य नको. डोक्यावर पदर.

सागरगोटा
सासूबाई म्हणतायत, "मी मिरजेची, मला दर्गा काय शिकवता?"
नागपट्टिणममध्ये काही बघायचं का? आणि वेलांकण्णी?

तिठा
वेलांकण्णी म्हणजे मेरीमातेचं तीर्थस्थान, श्रद्धा असेल तर जा. रविवारी मुळीच नको.

नागपट्टिणमला मुद्दाम जाऊन जमिनीवर फार दिसत नाही. पण एक करा. तिथे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीविजयच्या, म्हणजे सुमात्राकडच्या, राजाने बौद्ध विहार बांधला आणि राजराज चोळाने त्याला गाव इनाम दिलं. विहार गेला, पण तिथे सापडलेल्या बुद्धमूर्ती चेन्नईच्या एगमोर संग्रहालयात आहेत. लग्नाच्या धामधुमीत एक दुपार काढून त्या आधी बघून घ्या, मग नागपट्टिणममधून जाताना डोळ्यांसमोर काहीतरी असेल. (एगमोरही शुक्रवारी बंद.)

२००४ च्या सुनामीत तमिळनाडूत सर्वाधिक माणसं या जिल्ह्यात गेली. किनाऱ्यावर स्मारकं दिसतील. तिथे सेल्फी काढणारे पाहिलेत, मुलाला आधी सांगा.

पाणकणीस
कोणी पिचावरमचं नाव घेतलं नाही! चिदंबरमपासून जवळ, कांदळवनातून होडी. इतिहास शून्य, पण नववीतल्या मुलाला तेवढा श्वास हवा की. सकाळी लवकर किंवा साडेतीननंतर जा. चिदंबरमचं देऊळ दुपारी बंद असतं, तेव्हा मधल्या वेळात जेवण आणि नंतर होडी.

मोडीवाचक
चिदंबरमबद्दल एकच. सतराव्या शतकाच्या मध्यावर स्वाऱ्यांच्या भीतीने नटराजाची मूर्ती देवळातून हलवली होती. जवळजवळ चार दशकं ती बाहेर होती आणि १६८६ मध्ये परत आली, तेव्हा त्या मुलखात संभाजी महाराजांचा अंमल होता. चिदंबरमच्या बाकीच्या इतिहासासाठी हा धागा पुरणार नाही.

सागरगोटा
बरं, आता शेवटचा टप्पा. तंजावरमध्ये बृहदीश्वर, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय. अजून? आणि ते मनोरा म्हणतात ते काय प्रकरण आहे? नकाशात अगदी खाली दिसतंय.

कावेरीकाठची
बृहदीश्वरला संध्याकाळी जा. सासूबाईंसाठी जाड मोजे ठेवा, अनवाणी फिरायचं असतं आणि फरशी फार मोठी आहे. देवळाच्या प्राकारात नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय. तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. लोक शिखर बघतात, नंदी बघतात आणि या भिंतीसमोरून न थांबता जातात. राजराजाचं देऊळ १०१० चं, त्याच्या भिंतीवर आठशे वर्षांनी आमच्या राजाचं मराठी. देवनागरी आहे, अक्षरं लावायला थोडा वेळ लागतो, पण लागतात. मुलाला तिथे बसवा.

सरस्वती महालात बघायला मिळतं ते संग्रहालय लहान आहे. पोथ्या आणि मोडी कागद आत, अभ्यासकांसाठी. निराश होऊ नका. कांस्यमूर्तींचं दालन मात्र सावकाश बघा, घाई केलीत तर पैसे वाया.

आणि गाईड मंडळी चुकवतात ते एक, शिवगंगा बागेजवळचं श्वार्ट्‌झ चर्च. हा श्वार्ट्‌झ पाद्री १७५० मध्ये ट्रँक्वेबारला उतरलेला. सरफोजी लहान असताना त्यांना चुलत्याच्या जाचातून त्याने सोडवलं, शिकवण्याची सोय केली. तो १७९८ मध्ये वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. त्यात पाद्री मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे. आदल्या दिवशी तरंगमबाडी पाहिलेली असेल तर ते शिल्प वेगळं दिसतं.

मोडीवाचक
मनोरा: तंजावरपासून साधारण पासष्ट किलोमीटर, सेतुभावाछत्रमजवळ अगदी समुद्राकाठी. षट्कोनी, आठ मजली, तेवीस मीटरच्या आसपास. १८१४-१५ मध्ये सरफोजीराजांनी बांधला. कशासाठी, तर इंग्रजांच्या विजयाची आणि नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून. शिलालेख पाच भाषांत, त्यात मराठी आहेच.

उंटावरचा
म्हणजे थोडक्यात खुशामत. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीच्या घशात गेलं, राजाकडे तंजावरचा किल्ला आणि नेमणूक उरली, आणि राजा मालकाच्या शत्रूच्या पराभवाचा मनोरा बांधतोय. यासाठी सासूबाईंना दोन तास गाडीत बसवणार?

मोडीवाचक
खुशामत आहेच, नाही कोण म्हणतं. पण त्याच माणसाने नागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांची टिपणं करवली, ग्रंथालय वाढवलं. हातात राज्य नसलेला राजा काय काय करू शकतो याची सगळी उदाहरणं एकाच माणसात सापडतात, मनोरा त्यातलाच. मला तो त्या किनाऱ्यावरचा सर्वांत अवघडल्यासारखा करणारा दगड वाटतो आणि म्हणूनच पाहावासा वाटतो.

कावेरीकाठची
आमच्या घरात दोन्ही मतांचे लोक आहेत, दिवाळीला यावरून आवाज चढतात. उंटवाल्या दादांना एवढंच सांगते, त्याच रस्त्यावर ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्रम, म्हणजे धर्मशाळा, आहे. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं. अन्न, औषध, शिकवण, सगळं तिथे फुकट होतं. दगडी चाकं आणि घोडे कोरलेत, रथासारखं. मनोरा नको असेल तर छत्रमपर्यंत जा आणि परत फिरा.

दर्यावर्दी
२०१८ च्या गाजा वादळाने त्या पट्ट्यातले माड झोपवले होते, मनोऱ्यालाही तडाखा बसला. वरच्या मजल्यांवर जाऊ देतात का ते स्थानिक माणसाला विचारूनच निघा. खालून पाहायला हरकत नाही.

सागरगोटा
घरी मतदान झालं. ठरलं असं: चेन्नईत एगमोर, मग महाबलीपुरम आणि सद्रास. आलंपराई वेळ उरला तर. पाँडिचेरीत मुक्काम, तिथून एक दिवस जिंजी (मी आणि सासूबाई कल्याण महालाशी, पत्ते घेऊन). पुढे चिदंबरम आणि पिचावरम. तरंगमबाडीला रात्र, उंटावरचे दादा क्षमा करा. नागोर, मग तंजावर. शेवटच्या दिवशी ओरत्तनाड नक्की, मनोरा सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून.

परतीला पाँडिचेरी-दादर गाडी बघितली, पण तंजावरहून उलटं यावं लागेल. त्रिचीहून विमानाने यावं का?

तिठा
त्रिचीच. तंजावरपासून रस्त्याने तास-सव्वा तास. आणि वाटेत तिरुवेरुंबुरला टेकडीवर एक चोळांचं देऊळ आहे, पण ते सांगत नाही, देवळं पुरे म्हणालात.

नारळीपाक
सांगितलंच की!